तीन कोटेशनं आणि एक उतार

महाराष्ट्रातल्या शाळांना सुटी लागते त्या सुमारास गुलमर्गचा बर्फही आवराआवर करत असतो. तिथला भर हंगाम डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंतचा. फेब्रुवारीत तिथल्या अफरवट डोंगराच्या उतारांवर भुसभुशीत बर्फ साचतो, जगभरातले लोक पाठीवर स्की बांधून तिकडे धाव घेतात, आणि मराठी घरांत तेव्हा बारावीच्या परीक्षेपायी टीव्हीचा आवाजसुद्धा बंद असतो. मार्चमध्ये उतार अजून पांढरे असतात. पण त्या महिन्यात मराठी नोकरदार मार्चएंडच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला असतो आणि त्याला तिथून उपसून काढणारं यंत्र अजून निघालेलं नाही. तो आपणहून बाहेर येतो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मराठी माणसाचं स्कीइंग हे असं मुळातच सरत्या हंगामातलं.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात पर्चेस मॅनेजर असलेले गृहस्थ या जमातीचे अस्सल प्रतिनिधी मानायला हरकत नाही. (नाव नको. असा एकेक प्रत्येक सोसायटीत असतो आणि मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये लगेच ओळखू येतो.) वय बावन्न, उंची पाच फूट पाच इंच, वजनाचा विषय पुढे येईलच. सहकुटुंब काश्मीर सहलीत त्यांनी तंगमर्गला भाड्याचा ओव्हरकोट आणि गमबूट चढवले, गुलमर्गच्या मैदानात स्कीवर उभे राहिले, आणि मागून धरणाऱ्याने हात कधीच सोडलाय हे कळायच्या आत पंधरा-वीस फूट घसरत गेले. पडले नाहीत. न पडण्याचा हा अनुभव थेट डोक्यात गेला. पुढच्या वर्षी रजा काढून त्यांनी प्राथमिक कोर्स केला. स्कीची टोकं जवळ आणून थांबायला शिकले, डावी-उजवीकडे वळायला शिकले, आणि उरलेलं सगळं पुण्याला परतल्यावर यूट्यूबवर शिकले.

इथपर्यंत ठीक होतं. पण या खेळात खरेदीही असते, हे त्यांना कळलं.

वास्तविक गुलमर्गमध्ये स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. वहिनींनी तसं सुचवूनही पाहिलं. साहेब म्हणाले, "भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. आणि त्या बुटांत आधी कोणाचे पाय होते कोण जाणे!" यावर वहिनी गप्प बसल्या, कारण तंगमर्गच्या भाड्याच्या ओव्हरकोटच्या खिशात त्यांना कोण्या अनोळखी कुटुंबाची अर्धी बाकरवडी सापडली होती.

युरोपातली दुकानं हिवाळा सरत आला की उरलेला माल निम्म्या-पाऊण किमतीला काढतात, आणि साहेबांचा एक भाचा म्यूनिकला असतो. बस्स. भाच्याला फोन गेला: तीन दुकानांची कोटेशनं पाठव. पोराने बिचाऱ्याने तीन फोटो पाठवले. इकडे त्याचं तुलनापत्रक तयार झालं. लांबी, बुटाखालची रुंदी, वळणाची त्रिज्या, मूळ किंमत, सवलत. आणि साहेब मालाकडे न बघता शेवटच्या रकान्याकडे बघू लागले, कारण तीस वर्षं तेच केलं होतं.

आता सेलमध्ये काय उरतं, हे तुळशीबागेत उभं राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. मधली मापं जानेवारीतच गेलेली असतात. उरली होती एक जोडी, १८६ सेंटिमीटर लांब आणि बुटाखाली ११२ मिलिमीटर रुंद. एवढी रुंद स्की खोल, ताज्या, भुसभुशीत बर्फावर तरंगण्यासाठी असते. एप्रिलच्या सकाळी बर्फ रात्रभर गोठून कडक झालेला असतो. त्यावर कडा रोवायला अरुंद स्की बरी पडते. शिवाय साहेब स्वतः १६५ सेंटिमीटर.

"मामा, ही तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे."

"असू दे. वाढत्या अंगाचं घ्यावं."

"बावन्नाव्या वर्षी?"

"पंचावन्न टक्के सूट आहे म्हणतोस ना?"

बुटांची कथा याहून करुण आहे. स्कीचा बूट मापायचा तो पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून. भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं आणि अंगठ्यापर्यंत मोजायचं. चांगला दुकानदार आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतो. बोटं पुढे टेकली की टाचेमागे दीड-दोन बोटं जागा राहिली पाहिजे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकणं हीच बरोबर मापाची खूण, कारण गुडघे वाकवले की टाच मागे सरकते आणि बोटं मोकळी होतात. म्हणजे बूट पायांत चढवून, दुकानात दहा मिनिटं अर्धं उकिडवं बसून घ्यायचा. साहेबांनी तो व्हॉट्सअॅपवर घेतला. तोही "बोटं टेकायला नकोत हं," अशी ताकीद देऊन, एक माप वाढवून. वाढीव बुटात पाय आत पुढेमागे हिंडतो आणि दर वळणाला अंगठा कवचावर आदळतो. घट्ट बुटाने नख काळं पडतं असं सगळ्यांना वाटतं. ढिल्या बुटानेही ते तितक्याच इमानदारीने पडतं.

मग आलं बाइंडिंग. स्कीला बूट जखडून ठेवणारी ही कळ पडल्यावर आपोआप सुटावी लागते, नाहीतर लांबलचक स्की एकीकडे वळते, पाय दुसरीकडे, आणि मधल्या गुडघ्याचा निकाल लागतो. किती जोर पडला की सुटायचं, हा आकडा आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यावरून काढतात. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्वभाव लागतो. स्वभाव म्हणजे स्की करण्याची तऱ्हा: पहिला प्रकार जपून जाणारा, दुसरा मधला, तिसरा आक्रमक. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक पायरी खाली उतरायचं, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटतं.

या फॉर्मपुढे भलेभले खोटं बोलतात. साहेबांनी वजन लिहिलं ७२, वय ४८, प्रकार तिसरा. गंमत अशी की वजन चोरलं की आकडा खाली येतो, आणि वय चोरून आक्रमक झालं की वर जातो. दोन्ही थापा निदान उलट्या दिशांनी ओढत होत्या. पण फॉर्म पाठवण्याआधी वहिनींच्या नजरेला पडला.

"बहात्तर? मागच्या महिन्यात चेकअपला एक्क्याऐंशी होतं."

"हिवाळ्याचे कपडे होते अंगावर."

वहिनींनी वजन दुरुस्त केलं. वय आणि आक्रमकपणा तसाच राहिला. परिणामी म्यूनिकहून जी स्की आली तिचं बाइंडिंग कोण्या ऑलिंपिकवीराच्या बेतात आवळलेलं होतं. गुलमर्गच्या दुकानातल्या कारागिराने ते बघून साहेबांकडे बघितलं, पुन्हा बाइंडिंगकडे बघितलं, आणि काही न विचारता स्क्रू-ड्रायव्हर घेतला. धंदा असा असतो.

खरेदी इथे थांबली असती तर हा लेखही इथेच थांबला असता. पण साहेबांच्या मनात भरलं होतं ऑफ-पिस्त. रोलर फिरवून सपाट केलेला, खुणा रोवलेला, राखण असलेला उतार तो पिस्त. त्याच्या बाहेरचा सगळा डोंगर ऑफ-पिस्त. तिथे कोणी रोलर फिरवत नाही आणि बर्फाची दरड कोसळू नये म्हणून कोणी आधी सुरुंगही लावत नाही. तिथे जायचं तर तीन वस्तू प्रत्येकाजवळ हव्यात: संदेश सोडणारं नि शोधणारं ट्रान्सीव्हर, घडीची लांब शोधकाठी, आणि धातूचं फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर टिकटिकत राहतं. कोणी गाडला गेला की बाकीचे आपापली यंत्रं शोधावर टाकून त्या टिकटिकीमागे जातात, काठीने खुपसून नेमकी जागा काढतात आणि खणतात.

घाई का, ते आकडे सांगतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाच्या दिशेने काटा सरकला की तिघांतला एक. बचावपथक खालून यायला लागणारा वेळ धरला, तर वाचवणारे म्हणजे बरोबर असलेलेच. यंत्र दोन-तीन मिनिटांत जागा दाखवतं, पण थांबलेल्या दरडीचा बर्फ घट्ट बसतो आणि मीटरभर खोल माणसासाठी टनभर तरी उपसावा लागतो. फावडं प्लास्टिकचं असेल तर पहिल्या घावाला त्याचं मत बदलतं.

साहेबांनी तिन्ही वस्तू घेतल्या. शिवाय फुगणारी सॅक. हिची दोरी ओढली की क्षणात सुमारे दीडशे लिटरचा फुगा पाठीवर उभा राहतो आणि माणूस वाहत्या बर्फाच्या वरच्या थरात राहण्याची शक्यता वाढते. हवेत तरंगल्यामुळे नव्हे. चिवड्याचा डबा हलवला की पोहे वर येतात आणि मीठ-मसाला तळाला जातो, त्याच न्यायाने वाहणाऱ्या ढेकळांत मोठी वस्तू वर येते. वर आली की वाचलीच असं मात्र नाही. वाटेत देवदारही असतात.

आणि जाकिटाच्या बाहीत शिवलेली ती छोटी परावर्तक पट्टी! ही पट्टी स्वतः काही बोलत नाही. शोधपथकाकडे खास यंत्र असेल आणि ते रोखलं, तरच ती उत्तर देते. साहेबांनी मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की जाकीट सॅटेलाइटला जोडलेलं आहे.

ट्रान्सीव्हरचा सराव कुठे करायचा? बर्फ लागत नाही, कुठेही होतो. रविवारी सकाळी एक यंत्र वहिनींनी सोसायटीच्या बागेत जास्वंदीखाली लपवलं आणि दुसरं हातात धरून साहेब निघाले. ही यंत्रं विजेच्या तारा, मोटारी, मोबाइल यांच्या गोंगाटाने भलतीकडे नेतात. यंत्राने त्यांना पार्किंगमधून, जिन्याखालून, सरळ पाण्याच्या पंपाच्या खोलीशी नेलं. साहेबांनी पंप चालवणाऱ्याला बाजूला करून शोधकाठी काढली.

"साहेब, टाकी फुटंल."

"आत माणूस आहे!"

"मीच हाय की."

सराव तिथेच संपला. जास्वंदीखालचं यंत्र संध्याकाळी माळ्याने आणून दिलं.

सरत्या हंगामात ऑफ-पिस्त जाणं हा काही आजचा उद्योग नाही. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९४ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडातल्या डाव्होसहून खिंड ओलांडून अरोसा गाठलं, तेही पायांत लाकडी फळ्या अडकवून. सोबत होते डाव्होसचे ब्रांगर बंधू, ज्यांनी आधीच्या वर्षी हा मार्ग काढला होता. मंडळी पहाटे साडेचारला निघाली. शेवटच्या चढ्या कड्यावरून डॉयलसाहेब बव्हंशी पँटीच्या बैठकीवर उतरले. त्यांच्या शिंप्याने हे हॅरिस ट्वीड कधी झिजत नाही असं छातीठोक सांगितलं होतं. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की शिंप्याचं हे म्हणणं नुसता सिद्धांत आहे, कसून घेतलेल्या शास्त्रीय चाचणीत ते टिकणार नाही. अरोसाच्या हॉटेलात एका ब्रांगरने त्यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'खेळाडू' असं नोंदवलं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला. इतक्या थोर माणसालाही फॉर्ममधला रकाना असा सुखावतो, तर साहेबांच्या तिसऱ्या प्रकाराला का हसा?

त्या गोष्टीतला कामाचा भाग पहाटे साडेचार हा आहे. वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. निरभ्र रात्री तो गोठतो आणि सकाळी वरचं कवच इतकं टणक असतं की दात वाजतात. उन्हं चढली की वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होऊन दाणेदार साखरेगत होतात, आणि तास-दीड तास जगातलं सगळ्यात सोपं, सगळ्यात सुखाचं स्कीइंग मिळतं. त्यानंतर ऊन आत झिरपतं, थरांची पकड सुटते, आणि ओला जड बर्फ उतारावरून निघतो. म्हणून रात्री नीट गोठलंय ना बघायचं, आधी पूर्वेकडचा उतार, मग दक्षिणेकडचा, आणि बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की घरी.

अफरवटच्या गंडोलासमोरचे, म्हणजे केबल कारसमोरचे, उतार बहुतांशी पूर्वेकडे तोंड करून आहेत. म्हणजे ऊन तिथे लवकर कामाला लागतं. आणि साहेबांच्या हॉटेलात पराठे होते.

"सर, गंडोला खुलते ही पहला नंबर लगाना है," गाईडने आदल्या रात्री बजावलं होतं.

"हो हो, नाश्ता झाला की लगेच."

नाश्ता झाल्यावर बूट चढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. थंडीत रात्रभर बाल्कनीत ठेवलेलं प्लास्टिकचं कवच दगडासारखं झालं होतं. (बूट रात्री खोलीत, हीटरपासून हातभर अंतरावर ठेवायचे असतात, हे यूट्यूबच्या पुढच्या भागात होतं.) साहेब पलंगाच्या कडेला बसले, पाय अर्धा आत गेला आणि तिथेच रुसला. वहिनींनी जीभ धरून ओढली, रूमबॉयने टाच दाबली, साहेबांनी श्वास रोखला. खटकन पाय आत गेला. डावा होता तो. बूट उजवा होता.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथून गंडोलाचा पहिला टप्पा, १९९८ साली सुरू झालेला, कोंगडूरीला नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ४ हजार मीटरपर्यंत. इतक्या उंचावर जिना चढलं तरी धाप लागते. भारतात स्कीइंगचं वेड आणणाऱ्या इंग्रजांनी गुलमर्गला १९२७ मध्ये स्की क्लब काढला, तेव्हा ते हे सगळं पायांनी चढत. आता मिनिटांत वर पोचता येतं, आणि गोम तिथेच आहे. पायांनी चढणाऱ्याला वाटेत डोंगर चार गोष्टी सांगतो. गंडोलात बसलेला मोबाइलवर मॅसेज पाठवत थेट वरच उतरतो.

वर पोचल्यावर समोरचा मुख्य उतार स्की-पेट्रोलच्या देखरेखीखाली असतो. कडेला दोऱ्या आणि पाट्या. त्यांच्यापलीकडे मोकळा डोंगर, खाली जंगल, आणि जंगलातून थेट तंगमर्ग, द्रंग किंवा बाबा रेशीच्या जियारतीपर्यंत उतरणाऱ्या वाटा, जिथून टॅक्सी करून परत वर यायचं. जगभरातले लोक येतात ते या वाटांसाठी. याच डोंगरात १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडच्या उतारावर दरडीखाली पोलंडचे दोन स्कीपटू गेले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक.

धोका किती, हे सांगायला एक ते पाचाची पट्टी असते. युरोपात ती रोज प्रसिद्ध होते. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे घरी बसा. साहेबांनी यूट्यूबवर ही पट्टी पाहिली होती. ते म्हणाले, "तीन असेल तर काय हरकत आहे? पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास." परीक्षेच्या सवयीचा हा हिशेब. प्रत्यक्षात ही पट्टी एकेक इंचाने चढत नाही, दर पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो; आणि युरोपात सर्वाधिक बळी जातात ते चार-पाचच्या दिवशी नव्हे, तीनच्या दिवशी. चारला लोक घाबरून थांबतात. तीनला ते पहिल्या वर्गात पास झालेले असतात.

पर्चेस मॅनेजरची खरी सवय यानंतर उफाळली. आपला गाईड दोरीपलीकडे जाण्याबद्दल कुरकुरतोय म्हटल्यावर त्यांनी आणखी दोन मतं घेतली. गंडोलाच्या स्टेशनवर काहवा विकणाऱ्याने सांगितलं, "आज तो मौसम साफ है जनाब." एका तरुण परदेशी पोराने अंगठा वर केला. गाईड म्हणाला, "ग्यारह बजे के बाद नहीं." म्हणजे तीन कोटेशनं आली. साहेबांनी सगळ्यात कमी धोक्याचं कोटेशन मंजूर केलं.

यात साहेब एकटे नाहीत. इयन मकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने हिमस्खलनाचे सातशेहून अधिक अपघात तपासून २००४ मध्ये दाखवलं की माणसं बर्फाचा अंदाज चुकण्यापेक्षा मनाच्या आडवाटांनी जास्त फसतात. हा उतार ओळखीचा आहे. पुढे कोणीतरी गेलेला दिसतोय. बरोबरचा माणूस जाणकार वाटतो. आता इतक्या लांब आलोच आहोत. यातलं शेवटचं कारण सहलीला निघालेल्या मराठी माणसाच्या रक्तातच असतं; तिकिटाचे पैसे वसूल केल्याशिवाय तो ज्वालामुखीच्या तोंडावरूनही मागे फिरणार नाही.

दोरीपाशी गाईडने प्रत्येकाचं ट्रान्सीव्हर तपासायला सुरुवात केली. तो पुढे उभा, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जायचे, आणि त्याच्या हातातलं यंत्र टिकटिकायचं. साहेब गेले. शांतता.

"सर, आपका?"

"आहे ना. सॅकमध्ये."

"चालू है?"

"बॅटरी वाचवतोय. लागेल तेव्हा चालू करीन."

गाईड क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग अदबीने म्हणाला, "दबने के बाद, जनाब?"

यंत्र सॅकच्या तळातून निघालं. ते अंगावर, जाकिटाच्या आत, पट्ट्यांनी बांधायचं असतं. सॅक दरडीत पहिली निघून जाते. चालू केल्यावर बॅटरी दिसली बावीस टक्के. खोक्यातल्या नव्या अल्कलाइन बॅटऱ्या साहेबांनी घरच्या घड्याळासाठी काढून ठेवल्या होत्या आणि यात टीव्हीच्या रिमोटमधल्या टाकल्या होत्या. नशीब, रिचार्जेबल नव्हत्या. त्यांत यंत्राला शिल्लक नीट कळत नाही आणि टक्के भलतेच दाखवतं. फावडं प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होतं, शोधकाठीवर किमतीचं लेबल जसंच्या तसं. "बदलून घ्यायची वेळ आली तर," साहेबांनी खुलासा केला.

मग गाईडने वीस सेंटिमीटरचा नियम सांगितला: ट्रान्सीव्हरच्या इतक्या जवळ मोबाइल किंवा कुठलंही विजेवर चालणारं यंत्र नको, आणि शोधताना पन्नास सेंटिमीटरच्या आत नको. साहेबांच्या अंगावरून एकेक वस्तू निघू लागली. छातीच्या खिशातला मोबाइल. छातीवरचा कॅमेरा. पॉवर बँक. स्मार्टवॉच. बॅटरीने गरम होणारे हातमोजे. दुसरा मोबाइल, जो ऑफिसचा होता आणि वाजत होता. हे सगळं आवरून होईपर्यंत सव्वाअकरा झाले.

गाईड दोरीपलीकडे चार पावलं गेला आणि बूट रोवून उभा राहिला. बूट घोट्याच्या वर रुतला. खडकाखालून ओल्या बर्फाच्या लिंबाएवढ्या गोळ्या सुटल्या आणि गरगरत, मोठ्या होत, खाली गेल्या. त्या कितीतरी वेळ दिसत राहिल्या.

"नहीं सर."

"अहो पण तिथे दोघांच्या खुणा आहेत की! नुकते गेलेत."

"वो सुबह साढ़े नौ के हैं. तब ये पत्थर था."

साहेबांनी मोबाइलमधलं कोन मोजणारं अॅप काढलं, काठीवर आडवं ठेवलं. बत्तीस अंश आला. बर्फाच्या दरडी बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. तरीही ते म्हणाले, "बत्तीस म्हणजे तिसाच्या जरासाच वर. दोन अंशांची सूट नाही का देता येणार?"

गाईडने दिली नाही. काश्मिरी माणसाशी पश्मिन्यावर घासाघीस करता येते, उतारावर नाही.

मंडळी मुख्य उतारावरून खाली आली. तोही सुखाने नव्हे. वाढत्या अंगाची स्की ओल्या बर्फात वळेना; पहिल्या वळणाला साहेब, दुसऱ्या वळणाला स्की आणि तिसऱ्याला गाईड अशी सगळ्यांची गाठ कोंगडूरीच्या वर पडली. दुरुस्त केलेलं बाइंडिंग बिनबोभाट सुटलं. गुडघा शाबूत राहिला. वय एक पायरी खाली उतरलं होतं म्हणून, हे कारागिराने कधी सांगितलं नाही आणि साहेबांनी कधी विचारलं नाही. गॉगलच्या पट्ट्याखेरीज चेहरा मात्र लालबुंद झाला, आणि नाकपुड्यांच्या आतसुद्धा सोललं, कारण बर्फावरून ऊन उलटून खालून मारतं आणि सनस्क्रीन सगळे फक्त वरून लावतात.

संध्याकाळी गाईडने हॉटेलात येऊन नकाशा पसरला आणि साखरझोपेतून उठून करता येईल असा छोटा बेत सांगितला: पेट्रोलच्या उतारावरच, सकाळी पहिल्या गंडोलाने. साहेबांनी तो मन लावून ऐकला. मग विचारलं की पुढच्या मार्चला अरुंद स्की घ्यायची झाली तर कितीची घ्यावी. भाच्याला मॅसेज रात्रीच गेला.

श्रीनगर विमानतळाबाहेरच्या तपासणी नाक्यावर सगळं सामान गाडीतून उतरवून एक्सरेखाली घालावं लागतं. स्कीच्या पिशवीने जवानांचं कुतूहल चाळवलं नाही. फुगणाऱ्या सॅकने चाळवलं. आतला सिलिंडर म्हणजे काय, विमान कंपनीची परवानगी कुठे, हे कागद साहेबांनी फाइल लावून आणले होते, आणि ती फाइल पाहून वरिष्ठही चकित झाले. मग बॅगेतून टिकटिक ऐकू आली. ट्रान्सीव्हर. आता ते चालू ठेवायची सवय लागली होती.

"ये क्या है?"

साहेबांनी सुरुवात केली. ४५७ किलोहर्ट्झपासून. पाठीमागे रांग वाढत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. शेवटी वहिनी पुढे झाल्या.

"भाईसाब, आदमी खो गया तो इससे मिलता है."

जवानाने यंत्र उलटसुलट करून पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि ते वहिनींच्या हातात दिलं.

"तो बैग में क्यों रखा है? इनको पहना दीजिए."